आईच्या हाताची पडताळणी

खाण्याच्या वस्तूंच्या बाटलीवर, डब्यावर किंवा पुडीवर जे छापलेलं असेल ते खरं असलंच पाहिजे, हे पाहणारा एक सरकारी विभाग आहे आणि त्या विभागात मी निरीक्षक आहे. आत काय भरलंय हे पाहणारा विभाग वेगळा. तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, पण त्यांचं आमचं बोलणं नाही. आमच्याकडे फक्त शब्द येतात. लोक म्हणतात, त्यात काय एवढं? अहो, साखरेचं पोतं काट्यावर ठेवता येतं. 'चविष्ट' हा शब्द कुठे ठेवणार?

तरीही मी बरंच काम केलं आहे. 'ताजा पाव' असं लिहिणाऱ्या एका बेकरीवाल्याला मी दुपारी धरला. तो म्हणाला, "साहेब, सकाळी ताजाच होता हो." मी म्हटलं, "मग सकाळी लेबल लावायचं आणि दुपारी काढायचं." त्याने प्रयत्न केला बिचाऱ्याने, पण शेवटी बेकरी बंद करून विम्याची एजन्सी घेतली. तिथे कोणी काही तपासत नाही, असं तो म्हणतो. आता खूश आहे.

अशात वरून परिपत्रक आलं की यापुढे लेबलावरचा प्रत्येक शब्द अक्षरशः खरा ठरला पाहिजे. आणि परिपत्रकाची शाई वाळते न वाळते तोच भिंगवाले काका हजर झाले. हे एक निवृत्त गृहस्थ. दुकानात जातात, खिशातून भिंग काढतात, बारीक अक्षरं वाचतात आणि तिथून थेट आमच्या कचेरीत येतात. त्यांनी टेबलावर जॅमची बाटली ठेवली. बाटलीवर संत्र्याचं झकास चित्र आणि वर ठसठशीत अक्षरात 'आईच्या हातचा'.

"माझी तक्रार लिहून घ्या," काका म्हणाले. "या जॅमला कोणाच्याही आईचा हात लागलेला नाही."

मोठ्या साहेबांनी तक्रार वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "यात दोन गोष्टी आहेत. आई आणि हात. दोन्ही तपासा."

"आणि संत्रं, साहेब?"

"तक्रारीत संत्रं आहे?"

"बाटलीवर आहे."

"मी तक्रारीत विचारतोय. न विचारलेलं तपासायला लागलो तर आपल्याला वेळ पुरेल का?"

मुद्दा बरोबर होता. तरी मी आपला सचोटीचा माणूस, म्हणून बाटलीवरचं चित्र एका खऱ्या संत्र्याशेजारी धरून पाहिलं. चित्र संत्र्याचंच होतं. त्यात फसवणूक आढळली नाही.

कारखाना प्रशस्त होता. लांबलचक पत्र्याची शेड, वाफ, खडखड धावणारा पट्टा आणि त्यावर शिस्तीत चाललेल्या बाटल्या. डोक्याला जाळी बांधलेला मॅनेजर मला अभिमानाने सगळं दाखवत होता. "साहेब, इथे माणसाचा हात कशालाही लागत नाही. त्याबद्दल वरच्या मजल्यावरच्या तुमच्या लोकांनी आम्हाला गौरवपत्र दिलंय."

"म्हणजे लेबल खोटं आहे," मी म्हटलं.

मॅनेजरचा चेहरा उतरला. "अहो साहेब, पण ते शब्द काढले तर बाटलीत उरतं काय?"

"ते वरच्या मजल्याला विचारा. माझ्यापुरतं म्हणाल तर शब्द काढा, नाहीतर आई आणा."

तो लगेच म्हणाला, आमच्या पॅकिंगमध्ये बायका आहेत, सगळ्या लेकुरवाळ्या आहेत, त्यातली एक उभी करतो. मी हा प्रस्ताव साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, "आई आहे कशावरून?" मी म्हटलं, मुलांचे जन्मदाखले आहेत. साहेब हसले. "दाखला म्हणजे तरी काय हो? माणसाला लावलेलं लेबलच. त्याचीही पडताळणी करावी लागेल. निरीक्षकाने स्वतः खात्री केलेली आई पाहिजे."

आता आली का पंचाईत! जगातल्या एकाच बाईबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत होतो की ही आई आहे. आणि ती आमच्या स्वयंपाकघरात दळण निवडत बसली होती.

आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! "म्हणजे तिथे मी जॅम करायचा? एवढ्या लोकांसाठी?" ती उठलीच. तिची लांब दांड्याची लाकडी पळी तिने घासूनपुसून टॉवेलात गुंडाळली. जॅम करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं आमच्या नात्यात सगळे म्हणतात. संत्र्याची साल किती ठेवायची आणि कधी टाकायची यात सगळी गंमत आहे, असं ती म्हणते.

आमच्या हिला मात्र शंका आली. हिला नेहमीच येते. "अहो, आईंना तिथे खरंच जॅम करायला नेताय ना?"

"नेमणूक आईच्या पदावर आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आई."

"आई तर त्या इथेही आहेत."

"इथे पद मंजूर नाही," मी समजावून सांगितलं. हिने कपाळावर हात मारला. बायकांना प्रशासन कळत नाही.

कारखान्यात पट्ट्याच्या कडेला एक उंच स्टूल ठेवलं होतं. आईने टॉवेल सोडून पळी काढली आणि इकडे तिकडे पाहिलं. "पातेलं कुठाय?"

"मातोश्री, पातेलं नसतं," मॅनेजर हात जोडून म्हणाला. "पाइप असतो. आपण फक्त येणाऱ्या प्रत्येक बाटलीला हात लावायचा."

"आणि ढवळायचं कोणी?"

"ते आपोआप होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती गुपचूप स्टुलावर चढली आणि हात लावायला लागली. पळी तिने मांडीवर आडवी ठेवली होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हरकत आली की हातमोज्याशिवाय हात लावता येणार नाही. आम्ही उत्तर दिलं की हातमोजा घातला तर लेबल 'आईच्या हातमोज्याचा' असं करावं लागेल. दोन्ही विभागांची बैठक झाली, चहा झाला आणि सुवर्णमध्य निघाला. हातमोजा घालायचा, पण बोटांची टोकं कापायची. भट्टीतून आलेल्या बाटल्या चांगल्याच गरम असत. संध्याकाळी आई घरी यायची ती बोटं पाण्यात बुडवून बसायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही रे, सवय होईल." लेबल मात्र आता शंभर टक्के खरं होतं, आणि खप असा वाढला की मॅनेजर मला रस्त्यात भेटला तरी वाकून नमस्कार करायचा.

एके दिवशी पट्ट्यावर एक बाटली तडकली. जॅम आईच्या बोटांवर आला. तिने सवयीने बोट चाटलं. आणि मग तिचा आवाज त्या सगळ्या खडखडाटातून शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"अगं बाई! हा तर भोपळा आहे!"

मला तातडीने बोलावण्यात आलं. मी पोचलो तेव्हा आई स्टुलावरून उतरून मॅनेजरला फैलावर घेत होती. "लाल भोपळा, साखर आणि रंग! संत्रं फक्त वासाला! अरे, लाज नाही वाटत? आणि तू रे," ती माझ्याकडे वळली, "तू कसला निरीक्षक? एवढं डोळ्यांपुढे भोपळ्याचं गाडं भरून येतंय, ते दिसत नाही?"

मी तिला बाजूला घेतलं. "आई, हळू बोल. तुझी नेमणूक हातासाठी आहे, जिभेसाठी नाही."

आईने दोन्ही हात पदरात गुंडाळले. "मग हातही नाही. या खोट्याला माझा हात लागणार नाही. काय करायचं ते कर."

पट्टा थांबला. कामगार हाताची घडी घालून उभे राहिले. बाटल्या रांगेत खोळंबल्या. आईचा हात लागल्याशिवाय त्यांना बाहेर पाठवलं तर सगळ्या बेकायदा. मॅनेजर घामाघूम झाला. साहेबांचा फोन आला, "तुमच्या मातोश्री सरकारी कामात अडथळा आणतायत, कल्पना आहे ना?" मला माझी बढती डोळ्यांपुढून जाताना दिसली.

तोड मॅनेजरनेच काढली. मातोश्री येत नसतील तर हात पुरे. प्लास्टरमध्ये मातोश्रींच्या उजव्या हाताचा साचा घ्यायचा, त्यावरून रबराचा हात करायचा आणि तो यंत्राला बसवायचा. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा हात घालून बसले की माझी यातून सुटका ना? घ्या बाबांनो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला काय माहीत!

रबरी हाताची पडताळणी मी स्वतः केली. तळव्यावरच्या रेषा, अंगठ्यापाशी भाजल्याचा जुना व्रण, किंचित वाकडी करंगळी, सगळं जिथल्या तिथे. हा माझ्याच आईचा हात आहे, असं मी सही करून दिलं. हात फारच कामसू निघाला. आई बाटलीला नुसता स्पर्श करायची, हा थोपटायचा. त्याची बोटं सुजत नव्हती आणि भोपळ्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. कारखान्याने तो हात सरकारदरबारी रीतसर नोंदवला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. साधारण तशीच, थोपटल्यासारखी.

इकडे आई घरी आली आणि तिने पहिलं काम काय केलं असेल तर पिशवीभर संत्री आणली. घरभर तो वास. तिने मन लावून जॅम केला, जुन्या बाटल्या उकळून त्यात भरला आणि शेजारीपाजारी वाटला. वाटताना सगळ्यांना सांगत सुटली, "हा खा, हा खरा. माझ्या हातचा आहे."

आता झालं काय, हे मॅनेजरच्या कानावर गेलं आणि त्याने तक्रार केली. त्याचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होतं. त्या हातचा जॅम म्हणून नोंद त्याच्या कारखान्याची. तोच हात सांगून दुसरा जॅम वाटला जात असेल, तोही बिनलेबलाचा, तर दोघांपैकी एक नकली असणार. आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे तो नकली कसा असेल? प्रमाणपत्रावर सही माझी होती.

मी नोटीस घेऊन घरी गेलो. घर माझंच असल्यामुळे चपला काढल्या आणि काम सरकारी असल्यामुळे ओळखपत्र दाखवलं. ही दारातच म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

आई बाटल्यांना झाकणं लावत होती. मी नोटीस वाचून दाखवली. ती ऐकत राहिली आणि मग तिने तिचा उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला रे? हा बघ. हा कोणाचा हात आहे?"

"तो मूळ नमुना आहे, आई," मी म्हटलं. "वादातला नमुना मोहरबंद करावा लागतो. नियमच आहे."

मग मी तिचा हात मनगटापर्यंत कापडी पिशवीत घातला, सुतळी आवळली आणि गाठीवर लाख टेकवून विभागाची मोहर उठवली. लाखेने भाजू नये म्हणून खाली कापडाची दुहेरी घडी ठेवली होती. शेवटी मी मुलगा आहे, राक्षस नाही. डावा हात मोकळाच ठेवला, कारण डाव्या हाताबद्दल तक्रार नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आपल्या माणसाला सूट दिली असती तर तुम्हीच बोटं मोडली असती.

त्यानंतर आईला वेणी घालता येईना, पोळी तोडता येईना, नातवाच्या शर्टाचं बटण लावता येईना. ही तिला भरवायची आणि माझ्याशी बोलायची नाही. पळी कोनाड्यात पडून राहिली. शेवटी हिनेच अपील लिहिलं आणि आईने त्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवला. मागणी एकच होती. माझा हात मला परत द्या.

अपील मोठ्या साहेबांपुढेच चाललं. साहेब न्यायप्रिय आहेत. ते म्हणाले, "कागद पुष्कळ झाले. आता चव बोलेल. दोन वाट्या ठेवा, लेबल कशालाही नको. आईच्या हातची चव ज्या वाटीत असेल तो जॅम खरा. मातोश्रींचा खरा ठरला तर त्यांची मोहर तोडू आणि कारखान्याचे शब्द काढून टाकू. कारखान्याचा ठरला तर मोहर कायम." पहिल्या वाटीत आईचा जॅम होता आणि दुसरीत कारखान्याचा, पण हे फक्त साहेबांना ठाऊक होतं.

शहरातले प्रतिष्ठित नागरिक चाखायला बोलावले होते. एका मुख्याध्यापिका बाईंनी पहिली वाटी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "हा कडसर लागतो. आई कधी मुलाला असं कडू देईल का?" एका डॉक्टरांनी दुसरी वाटी चाखून डोळे मिटले. भिंगवाले काका तर दुसऱ्या वाटीशी चक्क हुंदके देऊ लागले. "अगदी हीच चव! आज माझी आई डोळ्यांपुढे उभी राहिली." ज्या बाटलीविरुद्ध त्यांनी तक्रार केली होती तीच ती, पण त्यांच्या हातात भिंग नव्हतं, त्याला ते काय करणार?

सगळ्यांनी दुसरीच वाटी उचलली. मॅनेजरने आपल्या जॅमचा रंग ओळखला असावा, तो हसायला लागला. तेव्हा साहेबांनी हात वर केला. "थांबा. यांच्या कोणाच्याही आया इथे हजर नाहीत, तेव्हा हे नुसतं मत झालं. इथे आई एकच आहे आणि मुलगा एकच. निरीक्षकांची जीभ अखेरची."

आईने सुस्कारा सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली. मांडीवरच्या पिशवीवर तिने डावा हात ठेवला. हिच्याकडे पाहून हळूच म्हणाली, "आता काळजी नाही. माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो."

मी प्रामाणिकपणे चाखलं. देवाशपथ, अगदी प्रामाणिकपणे. पहिल्या वाटीतला जॅम जिभेला टोचला. कसला तरी, ओळखीचा नसलेला. दुसऱ्या वाटीतला मात्र जिभेवर पसरला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सकाळी मी घाईत निघतो, आई काहीतरी हातात घेऊन दारापर्यंत येते, मी 'नंतर, नंतर' म्हणतो आणि कचेरीत तपासणीला आलेल्या बाटल्या असतातच, त्यातलं पावाला लावून खातो. कित्येक वर्षं असंच चाललंय. पण ते मला त्या क्षणी सुचलं नाही. मला फक्त खात्री वाटली.

"दुसरी," मी म्हटलं. "ही माझ्या आईच्या हातची चव."

कोणती वाटी कोणाची हे लिहून ठेवलेला लखोटा साहेबांनी फोडला आणि निकाल वाचला. हिने तोंडाला पदर लावला. आई माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"साहेब, पोराने खोटं नाही सांगितलं," ती म्हणाली. "तो जे रोज खातो तीच चव त्याच्या आईची. चुकीचं लेबल त्या बाटलीवर नाही लागलेलं. माझ्यावर लागलंय."

साहेबांनी लेखनिकाकडे पाहिलं. "नोंद घ्या. अर्जदाराने चूक कबूल केली. मोहर कायम."

आई अजून आमच्याकडेच राहते. ही तिला भरवते. मी आठवड्यातून एकदा मोहर शाबूत आहे ना ते तपासतो. तुम्ही आता मनात म्हणत असाल, काय हा मुलगा! म्हणा, हरकत नाही. पण साहेबांना हा प्रयोग फार आवडला आहे. तो घरोघरी करायचा ठरलं आहे आणि पुढच्या फेरीसाठी प्रतिष्ठित नागरिक म्हणून तुमचं नाव मी पाठवलं आहे. दोन वाट्या असतील. पहिली तुमच्या आईने भरलेली असेल. बोलावण्याच्या पत्रात मी लिहिलं होतं की, येण्याआधी एकदा आईच्या हातचं खाऊन या, म्हणजे ओळखायला सोपं जाईल. साहेबांनी ते वाक्य खोडलं. म्हणाले, "लोकांना अवघड जाईल असं काही सांगू नका. बाटली पाठवा."

तुमची बाटली निघाली आहे.